लावलं

माझ्या जिभेला हाड नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कड घ्यायला नको.

धाकटे दीर आमच्याकडे येऊन राहिले त्याला चार महिने होत आले होते. फर्निचरच्या कारखान्यात ते सुतार. तिथं त्यांना सगळे गुण्या म्हणायचे. सुतार ज्यानं काटकोन तपासतात तो गुण्या, आणि दिरांच्या हातचं कधी काही तिरकं निघालं नाही, म्हणून. एके दिवशी यंत्राच्या करवतीत त्यांच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. पात्यावर झाकण नव्हतं. यंत्र जुनं, झाकण निसटलं असणार, असं मालकही म्हणाला आणि जोडीदारही. दिरांना कुणी बोल लावला नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून ते कामावर गेले नाहीत. आमच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताटातलं निम्मं अन्न परत यायचं. नवरा म्हणायचा, "येईल ताळ्यावर." नुसतं पडून कुणी ताळ्यावर येतं होय? मला धास्ती बसली होती, की हा माणूस एक दिवस उठायचाच नाही.

म्हणून मी सहा कोंबड्या आणल्या. खुराडं नसताना, मुद्दाम. दिवसभर परसात सोडायच्या आणि संध्याकाळी न्हाणीघरात कोंडायच्या. घरात कुणाची धड अंघोळ होईना. तिसऱ्या दिवशी दीर बाहेर आले.

"वहिनी, हे काय मांडलंय तुम्ही?"

"खुराडं करून द्या, आवरते. कोंबड्या माझ्या, लाकूड तुमचं."

त्यांनी काम काढलं. आधी चारी बाजूंनी वीतभर खोल चर खणला, जाळी जमिनीतही उतरवायची म्हणून. नवऱ्यानं हौसेनं मोठ्या भोकांची पातळ जाळी आणली, तर ती तशीच परत पाठवली. "ही कोंबडीला आत ठेवते, रानमांजराला बाहेर ठेवत नाही," म्हणाले. मग बारीक चौकोनांची जाड जाळी आली. खांब, फळ्यांची तक्तपोशी, बसायला दांडी, अंडी घालायला तीन खोकी, वर उताराचं छप्पर. त्यात हत्ती बांधला असता तरी चाललं असतं. ताट रिकामं परत यायला लागलं. एकदा तर चटणी मागून घेतली. मी ओट्याशी उभी राहून डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं.

पाचव्या दिवशी फक्त दाराचं काम उरलं होतं. संध्याकाळी ते हात धुवायला आत आले. माझे हात पिठात होते.

"भाऊजी, दार लावलं का?"

"लावलं."

मी निर्धास्त झाले. कोंबड्या अंधारून येताना आपणहून आत शिरलेल्या मी खिडकीतून पाहिल्याच होत्या.

सकाळी खुराड्याचं दार सताड उघडं होतं. आत चार मेलेल्या, एक नाहीशी, एक छपरावर बसलेली. परसभर पिसं. माझा तोल गेला. दीर दात घासत मोरीपाशी उभे होते, तिथंच त्यांना धरलं.

"विचारलं होतं ना मी? लावलं म्हणालात ना? त्या करवतीचं झाकणही असंच लावलं होतंत का?"

त्यांनी चूळ भरली, फावडं घेतलं, चारही कोंबड्या पुरल्या आणि खोलीत गेले. नवरा म्हणाला, "काय बोललीस हे." त्यालाही मी गप्प केलं.

दुपारी पिसं झाडताना दारापाशी वाकले. नव्या बिजागऱ्या, चकचकीत स्क्रू, कडी जागच्या जागी. एक बोट लावलं तर दार आवाज न करता फिरलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बंद केलं का, असं मी विचारत होते, आणि बसवलं, असं ते सांगत होते. बंद करणं माझं काम होतं. कोंबड्या माझ्या, लाकूड त्यांचं. मीच घातलेली वाटणी.

कळलं, पण कबूल करायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्यांनी अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या सकाळी मी खोलीच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. "चूक माझी होती, भाऊजी."

ते उठून बसले. अंगात धुतलेला शर्ट होता.

"ते मला त्याच दिवशी कळलं, वहिनी. कोंबड्यांचं नाही मनात." त्यांनी चादर बाजूला केली. "त्या दिवशी जोडीदारानं विचारलं होतं, झाकण लावलं का. मी फळीवर खुणा करत होतो. मान वर न करता म्हणालो, लावलं."

मी अंधारात दगड मारला होता. तो असा लागेल असं मला वाटलं नव्हतं.

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. दर आठवड्याला फोन करतो. मनाला लावून घेऊ नको म्हणतो." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "आज जाऊन सांगतो."

मी दार अडवलं. "कशाला? त्याची बोटं येणारेत का परत? वर पोलिसांचं लचांड लागेल ते वेगळंच. कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण चार महिने राहिलंच ना? राहील पुढंही."

"चार महिन्यांत मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंत."

"मी रागात विचारलं."

"विचारलंत ना पण. सरा बाजूला."

मी सरले. ते ताठ चालत फाटकाबाहेर गेले, पाठीला पोक नाही की काही नाही. या माणसानं उठावं म्हणून मी घराचं न्हाणीघर गहाण टाकलं होतं. आणि आता तो जोडीदार घरी नसावा, एवढंच मी मनात घोकत होते. लाज वाटत होती, तरी घोकतच होते.