दहा पायांचा पक्षी आणि माझा गरुड

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच लिहून देते. मी दहा पायांचा पक्षी पाहिला आहे. हसू नका. मी एक जुनी दुर्बीण आहे आणि पाहणं हा माझा धंदाच आहे.

माझा जन्म भिंगांच्या कारखान्यात झाला. तिथे काचा इतक्या स्वच्छ घासत की कारागिरांना त्या दिसतच नसत आणि ते जाऊन आपटत. माझी भिंगं बसवली त्याच दिवशी माझी नजर पृथ्वीला वळसा घालून परत आली आणि मला माझीच पाठ दिसली. तिच्यावर धूळ होती. तेव्हापासून मला कोणी पुसून ठेवलं की फार बरं वाटतं.

पुढे मी ताईंच्या घरी आले. ताई पडदे शिवत. साऱ्या गल्लीला त्या ताईच. त्यांचं मशीन खिडकीपाशी होतं आणि खिडकीखाली बस डेपोच्या मागचं तळं. माझी जागा मशीनशेजारच्या खिळ्यावर. बॉबिनमधला दोरा संपला की ताई मला डोळ्यांना लावत आणि खंड्याने मासा पकडेपर्यंत दुसरा दोरा भरत नसत. गिऱ्हाइकांचे पडदे उशिरा मिळत, पण तळ्यावर कोण आलं, कोण गेलं, हे त्यांना घरच्या माणसांसारखं ठाऊक असे. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग ताईंच्या धाकट्या भावाने कॅमेरा घेतला. हा भाऊ दातांचा डॉक्टर. कॅमेऱ्याला त्याने तोफेएवढी लेन्स लावली. पण सवय जाते कुठे? फोटो काढताना तो पक्ष्यालाही म्हणे, "हलायचं नाही हं, झालंच आता!" हे ऐकून पेशंट पळत नसत, पक्षी पळत. त्याच्या दवाखान्यात भिंतभर रिकाम्या फांद्यांचे फोटो लागले.

"डॉक्टर, हे कुठलं झाड हो?" पेशंट विचारत.

"झाड नाही, खंड्या आहे. आत्ताच गेला."

आता ताईंना तोफेचं स्टँड धरायला जावं लागे. मला कपाटात ओलसर कापडाखाली ढकललं आणि सगळे विसरून गेले. त्या अंधारात माझ्या डाव्या भिंगावर एक काळा डाग उगवला. लोक त्याला बुरशी म्हणतात. मी तीळ म्हणते.

पुष्कळ दिवसांनी ताईंनी मला बाहेर काढलं, तळ्याकडे रोखलं आणि किंचाळल्या, "गरुड!"

गावात एक पक्षीमित्र मंडळ होतं. जमेल तशी वर्गणी काढून जखमी पक्ष्यांचा दवाखाना चालवणारी साधी माणसं. ती सगळी पहाटेच ताईंच्या खोलीत हजर झाली. एकेकाने मला डोळ्यांना लावलं.

"दिसला! केवढे पंख!"

"चोचसुद्धा दिसतेय," दुसरा म्हणाला. एका काकूंना तर त्याच्या पंजातला मासाही दिसला. शेवटी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी मला हातात घेतलं आणि सहज वर वळवलं.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "तुमचा गरुड आता छताला बसलाय."

त्या दिवसापासून ताईंचं नाव पडलं गरुडताई. दळण घेऊन चालल्या तरी कोणी विचारायचं, "काय गरुडताई, आज कुठे बसलाय?" ताई हसून सोडून देत. मला मात्र त्यांनी कपाटात टाकलं नाही, पुन्हा खिळ्यावर अडकवलं. हे मी कधी विसरणार नाही.

आणि मग डेपोने ठरवलं की तळं बुजवायचं. बस उभ्या करायला जागा हवी होती. ताई मॅनेजरबाईंना भेटायला गेल्या. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तिथे खरंच पिल्लं वाढत असतील आणि तुमचं मंडळ तळ्याची जबाबदारी घेत असेल, तर बस मी पलीकडे लावीन. पण मला फोटो दाखवा. आणि अध्यक्षांची सही. गरुडाची गोष्ट नको."

मातीचे ट्रक दुसऱ्या दिवशी यायचे होते. ताईंनी खिडकीतून मला रोखलं, आणि कमळाच्या पानांवरून तो चालत आला. दहा पायांचा पक्षी.

"अरे, धावत ये! दहा पाय आहेत त्याला!" ताई फोनवर ओरडल्या.

"ताई, आधी गरुड, आता दहा पाय. उद्या हत्ती उडवशील."

"तू ये आधी!"

भाऊ आला तो हातमोजे घालूनच. माझ्यातून पाहिलं आणि पाय मोजले. "ताई, यातले दोनच पाय त्याचे आहेत गं. बाकीचे पिल्लांचे."

तो कमळपक्षी होता, हे ताईंनी आता ओळखलं आणि भावाला सांगितलं. या पक्ष्यांत पिल्लं बाप सांभाळतो. धोका वाटला की चारही पिल्लांना पंखांखाली काखेत धरतो आणि चालू लागतो. पिल्लांचे लांबच लांब पाय खाली लोंबत राहतात.

"बाप नेतोय? सगळी?" भावाने विचारलं.

"बघून ठेव," ताई म्हणाल्या. "तुझ्या बायकोला सांगणार आहे मी."

भाऊ धावत तोफ घेऊन तळ्याकाठी गेला. स्टँडचा एक पाय चिखलात रुतला, तोफ कलंडली, तोंडातून सवयीने "हलायचं नाही हं" निघालं. फोटोत आलं एक पान.

"सुरेख आलंय पान," ताई म्हणाल्या.

"ताई, उद्या ट्रक येतील गं." त्याचा चेहरा एवढासा झाला.

ताईंनी त्याला खिडकीत ओढलं. "तुझा फोन लाव हिच्या डोळ्याला."

"हिच्यात बुरशी आहे."

"असू दे. दाढ कोरताना तुझा हात हलत नाही ना? तसाच धर. आणि तोंड बंद ठेव."

त्याने फोन माझ्या डाव्या डोळ्याला टेकवला; ओलाव्याने उजवा पार धुरकट झाला होता. मशीन बंद, पंखा बंद. मी श्वास रोखला. मला श्वास नाही, पण रोखला. बऱ्याच वेळाने पानं हलली आणि बाप आपलं सगळं बिऱ्हाड काखेत घेऊन उघड्यावर आला.

फोटो घेऊन दोघं तडक अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि मान हलवली. "दहा पाय? ताई, हा कुठून तरी उतरवलेला फोटो असणार. मी सही कशी करू?"

ताईंचे डोळे भरून आले. इतक्यात अध्यक्षांची नजर फोटोच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे पंख पसरलेला एक काळा डाग होता. ते आधी गालात हसले, मग पोट धरून हसले.

"अहो, हा तर आपला गरुड! असा गरुड जगात एकाच दुर्बिणीत राहतो. फोटो तुमचाच आहे, ताई. आणा ते पेन."

ट्रक आले आणि माती घेऊन परत गेले. तळ्याकाठची ही खोली मंडळाने नंतर बांधली. त्या फोटोचं कॅलेंडर लोकांनी हौसेने घेतलं, त्यातून दवाखान्याला नवं छप्पर आलं. मला या खिडकीत बसवलं, तुमच्यासारख्या मुलांनी पाहावं म्हणून. भाऊसाहेब अजून पानांचेच फोटो काढतात, पण आता ते पान म्हणूनच काढतात आणि छान काढतात.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं. आम्हा जुन्या वस्तूंना मऊ कापडाने पुसा, ओलाव्यात कोंडू नका. डाग पडला म्हणून फेकू तर मुळीच नका. तसा माझा डाग आता राहिलेला नाही. साफ करून घेतलाय, शपथ. पाहा ना, पानांवर नवी पिल्लं कशी चालताहेत. आणि त्यांच्या वर, आभाळात, मस्त पंख पसरून एक गरुड...

"दुर्बीणआजी, थापा!" रांगेतली पहिली मुलगी ओरडली. "मी आत्ता तुझ्यातून छताकडे बघितलं. गरुड तिथेपण आहे!"