नाव दोनदा लिहा

रेगुला मॅडम स्वित्झर्लंडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या काही वर्षं इथं सौदीत, जुबैलला होत्या आणि शनिवारी आमच्या इमारतीतल्या मुलांना घरी बोलावून विज्ञान शिकवायच्या. मी केमिस्ट्री घेतली ती त्यांच्यामुळेच. मायदेशी परतल्यावर त्या पुन्हा शाळेत लागल्या, मग डाव्या पक्षातून प्रांताच्या विधिमंडळात गेल्या. तिथं त्यांनी एकच मागणी लावून धरली: उन्हाळ्यात भर दुपारी छपरावरची कामं बंद ठेवा, जुबैलला ठेवतात तशी. विरोधकांनी त्यांचं नावच 'सौदी मॅडम' पाडलं.

यंदा पुन्हा निवडणूक होती आणि जागा जाईल अशी त्यांना भीती होती. शुक्रवारी आम्ही जेवत असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"लोकांना सांगतेय, मतपत्रिकेवर माझं नाव दोनदा लिहा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी अब्बांना मराठीत सांगितलं.

अब्बांचा घास हातातच राहिला. "दोनदा? अगो, सांग त्यांना, आमच्या रत्नागिरीत याला बोगस मतदान म्हणतात. पोलीस उचलून नेतील!"

मॅडम इतक्या हसल्या की आम्हाला नुसतं त्यांचं छत दिसायला लागलं. "मुस्तफाभाई, इथं ते कायदेशीर आहे. पण तुमचं वाक्य मला द्या."

मला वेगळीच शंका आली. "मॅडम, मतपत्रिकेवर ओळी ठरावीकच ना? मग दुसऱ्यांदा लिहायला जागा कुठून येते?"

"दुसऱ्या कुणाचं तरी नाव खोडायचं."

"कुणाचं?"

"बहुतेक माझ्याच पक्षातल्या कुणाचं तरी. नेहमीसारखा अडचणीचा प्रश्न, दुआ."

दुसऱ्याच दिवशी फोनवर त्यांचं पत्रक आलं: 'माझ्या मित्राच्या गावात यासाठी अटक होते. इथं हा तुमचा हक्क आहे.' अब्बांनी ते कामावर, प्लांटमध्ये सगळ्यांना दाखवलं. "स्वित्झर्लंडचा प्रचार सध्या मीच बघतो," म्हणे.

निकालाच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. अब्बा बुटांसकट आत आले. "यल्ला, लवकर उचल ना!"

"आले निवडून! पक्षाच्या अगदी शेवटच्या जागेवर," मॅडम म्हणाल्या.

"मबरूक! अभिनंदन!" अब्बा ओरडले.

पण मॅडमचा चेहरा पडलेला होता. "मतांत माझ्या मागोमाग आमच्याच पक्षाचा लुका होता, तो पडला. माझ्याच शाळेत शिकवतो. माझी पत्रकं त्यानंच दारोदार वाटली."

अम्मीनं ओढणीला हात पुसून फोन घेतला. "दुआ, विचार, त्याला भेटल्या का?"

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग आमच्याशी काय बोलत बसल्यात? आधी त्याच्याकडे जा म्हणावं. आणि रिकाम्या हातानं नको."

मॅडमनी मान डोलावली आणि कोट शोधायला उठल्या. कॉल बंद करायचं राहूनच गेलं. दार लागल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसती खुर्ची दिसत राहिली. शेवटी अब्बांनी तिलाच "मबरूक, मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवला.