कुलपातला थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू बहुतेक हळव्या आवाजात बोलतात. मला ते जमणार नाही.

मंजुळाबाईंचा शेवटचा चांगला दिवस मी कपाटाच्या काचेतून पाहिला. सिल्वासातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. मूळच्या चोपड्याकडच्या, दादऱ्याच्या सूत कारखान्यात कामाला असलेल्या मंजुळाबाई त्या सकाळी उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांची मुलगी सरिता शाळेत शिकवायची. ती आईला पेपर वाचून दाखवत होती.

"मंत्र्याचं कायले वाचते?" मंजुळाबाई म्हणाल्या. "तो काय आपल्या घरी भाकरी थापाले येणार आहे?"

"माय, हसू नको. टाके दुखतील."

"मंग हसण्यासारखं वाचू नको तू."

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा पोट धरून हसली. असा तो दिवस होता.

आता माझ्याविषयी सांगतो. मी काचेची बारीक नळी आहे आणि माझ्या पोटात पारा आहे. घडवणाऱ्याने माझा गळा मुद्दाम आवळून ठेवला आहे. त्यामुळे एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. कुणीतरी वाचेपर्यंत मी खरं ते धरून ठेवतो. मला दुसरं काही येतच नाही.

सिल्वासात कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, त्या काळात हे नर्सिंग होम उघडलं. माझी भावंडं आणि मी तिथे एकाच खोक्यातून आलो. मालती सिस्टर आम्हाला वापरायच्या. त्या आधी पेशंटचा चेहरा बघत, उलटा हात कपाळाला लावत, मग मला जिभेखाली ठेवत. नाडी मोजत, छातीचं वरखाली होणं बघत आणि तिथेच, खाटेपाशी उभ्या राहून, चार्टवर ठिपका देत. चार्ट म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांचा कागद. तो खाटेच्या पायथ्याशी लटकलेला असे. तापाचे ठिपके जोडले की डोंगरदऱ्या दिसत.

"सिस्टर, पास का नापास?" एकदा एका कामगाराने विचारलं.

"नापास. शंभराच्या वर मार्क गेले की इथे नापास," त्या म्हणाल्या आणि लगेच डॉक्टरांना बोलावायला गेल्या.

ती माझी सुखाची वर्षं. पुढे मालती सिस्टर लग्न होऊन नाशिकला गेल्या. मग एके दिवशी घाईघाईत कुणीतरी माझ्या भावंडांना सुयांबरोबर उकळायला टाकलं. उकळत्या पाण्यात आमची काच टिकत नाही. ती सगळी फुटली. मी तेव्हा एका पेशंटच्या काखेत होतो म्हणून वाचलो.

डॉक्टर चिडले. त्यांनी नवे थर्मामीटर आणले नाहीत. मला मखमलीच्या डबीत घातलं, वॉर्डातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "अर्जंट असेल तरच मागायचा," ते म्हणाले. राऊंडच्या आधी प्रत्येक चार्ट भरलेला हवा, हा त्यांचा नियम मात्र तसाच राहिला.

मग चार्ट कसे भरायचे? मालती सिस्टरांच्या जागी आलेल्या सुनंदा सिस्टर टेबलाशी सगळे चार्ट घेऊन बसायच्या. कालच्या ठिपक्याशेजारी आजचा ठिपका. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, आणि पुढच्यालाही तेच. दोन मजल्यांना त्या एकट्याच होत्या, हे मला ठाऊक आहे. मला त्यांची दया येते, पण मी त्यांना माफ केलेलं नाही. चार्टवरचे डोंगर गेले, सरळ रेघा आल्या आणि डॉक्टर त्या रेघा बघून म्हणायचे, "व्हेरी गुड. चार्ट असा स्वच्छ पाहिजे."

त्या हसऱ्या दिवसानंतरच्या सकाळी मंजुळाबाई चादर ओढून कुडकुडत होत्या.

"मले हिव भरलंय, सिस्टर."

"पंखा लागतोय मावशी. सरुबाई, पंखा बंद करा जरा!" सुनंदा सिस्टरांनी आयाला लांबूनच हाक मारली.

सरिताने आईच्या गळ्याला हात लावला. "सिस्टर, अंग चांगलंच गरम आहे. थर्मामीटर लावता का?"

"ताई, आत्ताच तर चार्ट भरला. तुम्ही शिकलेल्या ना? वाचून बघा की."

सरिताने वाचलं. आयुष्यभर पुस्तकांवर विश्वास ठेवलेली मुलगी ती. तिचा तळहात एक सांगत होता आणि कागद दुसरंच. शेवटी तिने कागदाचं ऐकलं. मी कपाटातून ओरडत होतो, पण काचेला आवाज नसतो.

डॉक्टर आले. त्यांनी आधी चार्ट पाहिला. चार्ट पाहिल्यावर त्यांना पेशंट पाहायची गरज वाटली नाही.

"साहेब, मले लई हिव..."

"अशक्तपणा आहे, मावशी. नारळपाणी द्या. ताप तर नाहीये."

दुसऱ्या दिवशीच्या चार्टवरही तेच लिहिलं गेलं. त्या दुपारी मंजुळाबाई समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागल्या, तेव्हा कुठे किल्ली आली. मला त्यांच्या काखेत ठेवलं. पारा असा धावला की वर फारशी जागा उरली नाही. डॉक्टरांनी मला उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. टाक्यांच्या आत पू झाला होता. वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. मंजुळाबाई रोज ज्या रस्त्याने कामाला जायच्या त्याच रस्त्यावर, दादरा यायच्या आत, त्या गेल्या.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते, माझी काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझी काळजी फार घेतली गेली. मला मखमलीत ठेवलं, कुलपात जपलं, आणि खाटेवरच्या बाईला ना सिस्टरांनी वेळेवर हात लावला, ना डॉक्टरांनी. मला वापरा. वापरताना फुटलो तर फुटू द्या. आधी माणसाकडे बघा, मग माझ्याकडे, आणि जे दिसेल तेच लिहा. बघितलं नसेल तर ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा बघून कुणीतरी विचारायला येईल. खोटा ठिपका बघून कुणी येत नाही.

तेरावं झाल्यावर सरिता कागदपत्रं न्यायला आली. दवाखान्यात ती रडली नव्हती, नातेवाइकांनी विचारलं तेव्हा "देवाची मर्जी" एवढंच म्हणाली होती. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. त्यांच्या टेबलावर मी स्पिरिटच्या पेल्यात उभा होतो. सुनंदा सिस्टर दारापाशी होत्या.

"फार अचानक झालं हो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चार्ट तिच्यापुढे सरकवला. "हे बघा ना, शेवटच्या दुपारपर्यंत ताप नव्हता."

सरिताने चार्ट उचलला नाही. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. आवाज चढवला नाही.

"अचानक काही झालं नाही," ती म्हणाली. "माझ्या आईला आदल्या सकाळपासून ताप होता. ती सांगत होती. तुमच्यापैकी कुणीही तो मोजला नाही. मी तिथेच बसले होते."