खिशाच्या कोपऱ्यावरचा दोरा

जपानमधल्या कोजिमा गावातल्या त्या शिवणघरात शिझुयोबाईंच्या नजरेतून लोंबता दोरा सुटला, असे चाळीस वर्षांत घडले नव्हते. त्या दुपारीही सुटला नाही, आणि घात तिथेच झाला. नव्या नमुन्याशेजारी नकलेसाठी मागून आणलेली १९४४ सालची अमेरिकी जीन्स पसरलेली होती. युद्धात दोऱ्याची टंचाई, म्हणून मागच्या खिशांवरची नक्षी रंगाने काढलेली. घाईच्या शिवणीत खिशाच्या कोपऱ्यावर बोटभर दोरा तसाच राहिलेला. बाईंनी सवयीने कातर चालवली, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की हा आपला नमुना नव्हे.

"आई! अहो, हे काय केलंत?" सून मिओरी ओरडली.

"दिसतंय ना."

जीन्सचे मालक कुवाबारा चार वाजता येणार होते. त्यांनी ती आणखी आठवडाभर ठेवू दिली तरच हुबेहूब प्रत पुरी होणार होती. कंबरपट्टा अजून मोजायचा होता. घड्याळात पावणेचार झाले होते.

"चहाच्या पाण्यात नवा दोरा बुडवते," मिओरी कुजबुजली. "ऐंशी वर्षांचा दिसेल. हेच तर काम आपलं!"

"आपण नक्कल करतो, ती नक्कल म्हणून विकतो. ठेव ती सुई."

"मग जीन्स गेलीच समजा."

"जाऊ दे."

बाईंचा आवाज करडा होता.

कुवाबारा आले. बाईंनी पांढऱ्या कागदावर तो दोरा त्यांच्यापुढे ठेवला आणि कमरेत वाकल्या. "मी कापला. सवयीनं. क्षमा असावी."

कुवाबारांनी वाकून दोरा न्याहाळला.

"या दोऱ्यासाठीच मी ही घेतली होती," ते म्हणाले. "बाकीच्या संग्राहकांनी आपापल्या जीन्सचे दोरे केव्हाच कापून टाकलेत."

"माझ्यासारख्यांनी."

"तुमच्यासारख्यांनीच. दुसरा ओवून दिला असतात, तर मला कळलंही नसतं."

"नसतंच कळलं," बाई म्हणाल्या. मिओरीने डोळे मिटून घेतले.

कुवाबारांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "आठवडाभर राहू दे. पण शिझुयोसान, तुम्ही हिला बोट लावायचं नाही."

बाईंचा चेहरा लाल झाला. "बरं."

ते गेल्यावर त्या टेबलापासून दोन पावलांवर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"कंबरपट्टा उलट. डावीकडून टाके मोज. अगं, नखानं नको ओढूस! मोठ्यानं मोज, मला ऐकू येऊ दे."