दहा वाजता माती

जगदेवीने हातातला झेंडूचा हार पदराखाली घेतला आणि संगप्पाकडे पुन्हा एकदा पाहिले. संगप्पाच्याही हातात हार होता.

"कुनाची हाय माती?" तिने हळूच विचारले.

"मला काय ठाऊक. सगळे निघाले म्हनून मी बी आलो." मग तिच्या चेहऱ्यावरून त्याच्या ध्यानात आले. "का वो वैनी, तुमाला माझी वाटली काय?"

जगदेवीने हार पदराखाली आणखी आत सारला. तिला त्याचीच वाटली होती. संगप्पा दवाखान्यात पडून होता, एवढेच तिला माहीत होते. तो कालच घरी आला हे तिला कुणी सांगितले नव्हते.

"आनलाय तर ठिवा जपून," संगप्पा म्हणाला. "कदी ना कदी लागंलच."

गोंधळ झाला तो असा. आदल्या संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला होता : उद्या सकाळी दहा वाजता माती. सर्वांनी वेळेवर यावे. निरोप ऋजुता मॅडमचा होता. नवी इमारत ज्यांनी आखली त्या ह्या मॅडम, पुण्याच्या. आपल्याकडे लातुरात 'माती आहे' म्हटले की कुणीतरी गेले, एवढाच अर्थ. 'मातीला जाऊन येतो' म्हणून माणसे दुकान बंद करतात. मॅडमना हे कोण सांगणार? म्हणून अर्धी गल्ली उपाशीपोटी नव्या इमारतीपुढे जमली होती. काही बायका डोक्यावरून पदर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. रडायची तयारी होती, पण कुणासाठी ते कळत नव्हते.

तेवढ्यात मॅडम जिन्यावरून खाली आल्या. एवढी माणसे पाहून त्यांना फार आनंद झाला. हार पाहून तर अधिकच. संगप्पाच्या हातातला हार घेऊन त्यांनी तो दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला घातला. ट्रॉलीत काळीभोर माती भरलेली होती.

"चला, ही सगळी गच्चीवर न्यायची आहे," त्या म्हणाल्या.

मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला आणि हसू सुरू झाले. पायरीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले, पण आता हसू लपवायला. हसली नाही ती एकटी जगदेवी. ती ट्रॉलीकडे आणि मग वर, गच्चीकडे पाहत राहिली. तिला मिळालेले घर गच्चीच्या बरोबर खाली होते.

जगदेवी किल्लारीकडची. तिचे पहिले घर माळवदाचे होते. माळवद म्हणजे लाकडी सरे, त्यांच्यावर फळ्या आणि त्यावर जाड माती. उन्हाळ्यात आत गार वाटायचे, म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी माणसे वर आणखी माती टाकायची. आजेसासऱ्यांनी टाकली, सासऱ्यांनी टाकली. भूकंपाच्या पहाटे ती सगळी माती एकदम खाली आली. जगदेवी आणि तिचा नवरा अंगणात झोपले होते म्हणून वाचले. आत आजीच्या कुशीत नंदा होती, त्यांची मुलगी, नुकती बोलायला लागलेली.

त्यानंतर जगदेवी पत्र्याखालीच राहिली. लातुरात आली, डाळ मिलमध्ये डाळ निवडायला लागली, मुलगा श्रीशैल झाला, त्याचे लग्न झाले, नवरा गेला, पण डोक्यावर पत्राच. पत्रा पडला तर खोक पडेल, माणूस मरणार नाही, हे तिचे गणित होते. मे महिन्यात त्याच पत्र्याखाली नातीचा घोळणा फुटायचा. सून रेणुका ओले फडके पोरीच्या डोक्यावर ठेवायची आणि सासूकडे बघायचीही नाही. बोलण्यापेक्षा ते सोसायला अवघड होते.

गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्या पाडून सगळ्यांनी मिळून एकच उंच इमारत बांधायचे ठरले, तेव्हा जगदेवीने बरेच दिवस मान डोलावली नाही. मॅडम येऊन बसायच्या, समजावून सांगायच्या. दाटीत राहायचे तर घरे एकावर एक हवीत, पण मधे वाऱ्याला वाट हवी, म्हणून इमारतीच्या पोटात वरपर्यंत उघडा चौक ठेवला होता. भिंती न भाजलेल्या विटांच्या, म्हणजे ऊन लवकर आत येत नाही. अंघोळीचे पाणी गाळून वर जाणार होते. वर कशाला, हे श्रीशैलने आईला कधी नीट सांगितले नव्हते. शेवटी नातीकडे पाहून ती हो म्हणाली होती.

आता तिने श्रीशैलला बाजूला घेतले.

"तुला ठावं व्हतं?"

"हाव, अव्वा."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं आस्तं तर तू आली आस्तीस का?"

मॅडम जवळ आल्या. त्यांनी फार शांतपणे सांगितले. माती वीतभरच आहे. तिच्याखाली लोखंड घातलेला स्लॅब आहे, आणि एवढे वजन धरूनच तो आखला आहे. जुन्या घरांना भूकंपाचे हिसके सोसतील असा सांगाडाच नव्हता, ह्या घराला आहे. वर भाजी लावली की खालची खोली पत्र्यापेक्षा किती तरी गार राहील. जगदेवीला सगळे समजत होते. डोक्याला समजत होते, मानेला समजत नव्हते. मॅडम बोलत असताना तिची मान आपोआप खाली जात होती, बुटक्या दारातून आत शिरताना जाते तशी.

"आज्जी, तुम्हाला भीती वाटते का?" मॅडमनी विचारले.

"तेच तर कळंना गेलंय, बाई," जगदेवी म्हणाली.

रेणुका नातीला कडेवर घेऊन उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "आत्या, आमी तरी पत्र्यात ऱ्हानार न्हाई आता. तुमी या, न्हाईतर..." श्रीशैल जमिनीकडे बघत होता. गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक खोली अजून पाडायची राहिली होती. जगदेवी तिथे एकटी राहू शकली असती, आणि हे तिघांनाही माहीत होते.

जगदेवीने नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तुमी माती चढवा," ती म्हणाली. "चढवताना मी खाली बसते, घरात. मला बसवलं तर ऱ्हाईन. न्हाई बसवलं तर मला त्या खोलीत ऱ्हाऊ द्या. मग कुनी काई बोलायचं न्हाई."

ती जिना चढून घरात गेली. घर रिकामे होते, चुन्याचा वास येत होता. भिंतीला न टेकता ती खोलीच्या मधोमध बसली. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. वर टोपल्या रिकाम्या होऊ लागल्या. आधी धप्प असा आवाज, मग फावड्याची खरखर, मग पावले. खूप पावले. कोण कुठे चालते आहे, कोण वाकते आहे, सगळे तिला कळत होते.

त्या पहाटे ती ढिगाऱ्यावर उभी होती. नवरा हातांनी माती उकरत होता, आणि ती नंदाला हाका मारत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. इतक्या वर्षांत तिला नेहमी ढिगाराच दिसायचा, वरून. पोरीला त्या वेळी काय ऐकू येत असेल, हा विचार तिने कधी केला नव्हता. आता ती खाली होती आणि वर माणसे चालत होती. कुणी घाईने गेले. कुणी तिच्या बरोबर डोक्यावर थांबले.

दार उघडे होते, उठून जाता आले असते. पाय तिने जवळ ओढले, पण उठली नाही. असल्या आवाजात आपल्याला भीतीच वाटायला हवी, असे तिला वाटले. वाटत होती ती भीतीच आहे का, हे मात्र तिला ठरवता येईना.

वरची पावले थांबली. चौकाच्या मोकळ्या पोटातून श्रीशैलची हाक खाली आली.

"अव्वा, हायीस का खाली?"

वरून पुन्हा हाक आली, आता जरा घाबरी. ती गुडघ्यांवर हात रोवून उठली, खिडकीशी गेली आणि तोंड वर केले.

"हाव," ती म्हणाली. आणि वरपर्यंत पोचावे म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "हाय मी. ऐकू येतंय मला."