वसंताचा बगळा

"नाव काय टाकू?" भांड्यांवर नावे घालणाऱ्या शालिकरामने यंत्र हातात घेत विचारले.

लग्नसराईचे दिवस होते. सौंसरच्या त्या दुकानात आहेराच्या पराती आणि डबे रचून ठेवले होते, आणि त्यांच्यापुढे साहेबाने बोटातल्या अंगठीहून लहान अशी ॲल्युमिनियमची कडी ठेवली होती. शालिकरामने ती चिमटीत धरून उजेडात पाहिली. हा कोणत्या पाहुण्याचा आहेर, असे त्याच्या ओठांवर आले होते, पण म्हाताऱ्या गोऱ्याला काय विचारायचे म्हणून त्याने नुसते नाव विचारले.

"नाव नको. नंबर," साहेब म्हणाला, आणि एकेक आकडा हिंदीत सांगत गेला.

नंबर त्याने लिहून आणला नव्हता. फौजेतला आकडा एकदा ऐकला की तो त्याच्या डोक्यातून जात नसे, आणि याचा त्याला त्रासच होता. शालिकरामने तो दोन ओळींत बसवला, कडीवर फुंकर मारली आणि ती कागदाच्या पुडीत बांधून दिली.

साहेबाचे नाव ड्रिस्कल, माणूस आयर्लंडचा. तरुणपणी तो इंग्रजांच्या फौजेत होता. कामठीच्या छावणीत हिंदी शिकला आणि तिथून ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला. मेलेल्या सोबत्यांच्या गळ्यातले नंबरचे बिल्ले गोळा करायचे काम तिथे त्याच्याकडे आले. ते त्याने चोख केले. मात्र तेव्हा आतून जो बधिर झाला तो झालाच. बायको गेली तेव्हा घरभर लोक रडत होते आणि हा खुर्च्या सरळ लावत होता. पुढे मायदेशी त्याने पाखरांसाठी एक दलदल वाचवली, नाव कमावले, आणि आता दर हिवाळ्यात मोहगावला येऊन तळ्यावरच्या पाखरांच्या पायांत नंबरच्या कड्या घालत असे. पाखरू किती जगले आणि कुठे मेले, ते कडीवरून कळते. म्हणजे काम तेच राहिले होते, फक्त गळ्याच्या जागी पाय आला होता. गावात त्याला पाखरूसाहेब म्हणत.

गावाने या कड्यांचा अर्थ आपल्या परीने लावला होता. देवाच्या नावाने सोडलेल्या सांडाला कोणी काठी लावत नाही. तसे कडीवाले पाखरू म्हणजे कोणीतरी जामसांवलीच्या मारुतीला बोललेला नवस, अशी समजूत तिथल्या शेतांतून पसरली. कडी दिसली की पोरांची गलोल खाली येई. फासे लावणारेसुद्धा असे पाखरू हात जोडून सोडून देत. सरकारच्या 'शिकार मना' पाटीला जे जमले नव्हते ते आपसूक झाले. गाव करी ते राव न करी.

हे साहेबाला सांगितले देवीदासने. देवीदास त्याच्याबरोबर जाळी लावत असे. तो बौद्ध घरचा, नवस-सायास न मानणारा, त्यामुळे सांगताना त्याला हसू आवरत नव्हते. साहेब हसला नाही. कडीवाल्या पाखरांना अख्खे गाव जपत असेल तर ती जास्त जगणारच, त्यांच्यावरून बाकीच्या पाखरांचा हिशेब लागणार नाही, आणि मग त्याची इतक्या हिवाळ्यांची मेहनत पाण्यात गेली होती. गावाला खरे सांगितले तर पाखरे मरतील, न सांगितले तर काम खोटे ठरेल. उद्या पाहू, असे म्हणत त्याने दोन हिवाळे काढले होते.

आणि या हिवाळ्यात कुसुम आली.

तळ्याला लागून तिचा संत्र्याचा बगीचा होता. नवरा वारलेला, एकुलता मुलगा वसंत फौजेत. दिवाळीच्या तोंडावर त्याची पलटण शांतिसेनेत श्रीलंकेला गेली आणि तेव्हापासून त्याची काही खबर नव्हती. बाईचा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळच्या बातम्यांत लंकेचे नाव येते म्हणून तिने रेडिओ लावणेच सोडले होते. ती नारळ घेऊन साहेबाच्या ओसरीपुढे उभी राहिली.

"तुमी पाखरायले कड्या घालून राहिले," ती म्हणाली. "एक माह्या वसंताच्या नावानं सोडा. त्याचा फौजेतला नंबर टाकून. म्हंजे कोन कोनाचं ते देवाले समजन."

साहेबाकडे उत्तर तयार होते. हा नवस नाही, हे शास्त्र आहे, असे तो हिंदीत सांगू शकला असता. अंगावर नंबर कशासाठी घालतात, हे तर त्याच्याइतके त्या गावात कोणालाच माहीत नव्हते. पण तोवर तिने वसंताचा नंबर म्हणायला सुरुवात केली होती, पाळण्यातल्या बाळाचे नाव सांगावे तसा, सावकाश. तिचे म्हणून होईपर्यंत तो थांबला आणि "ठीक आहे" म्हणाला.

म्हणून तो सौंसरला गेला होता.

बगळा तिच्याच बगीच्यात पकडला. देवीदासने पाखराची चोच आपल्या डोळ्यांपासून लांब धरली आणि साहेबाने पकडीने कडी उजव्या पायात बसवली. कडी नेहमी उजव्या पायात, हा त्याचा नियम. कुसुमने कडीला हळद-कुंकू लावले. बगळा सुटला, बाभळीवर बसला आणि झालेल्या अपमानाने बराच वेळ चोचीने पंख विंचरत राहिला.

त्यानंतर साहेबाचा तळ्यावरून परतायचा रस्ता बदलला. सरळ वाट सोडून तो बगीच्यावरून वळसा घेऊ लागला. झाडांच्या आळ्यांत पाणी सोडले की किडे वर येतात आणि त्यांच्या मागे बगळे येतात. त्यांत कडीवाला असेच. आज सकाळीच आला, आज बैलाच्या पाठीवर बसला, अशी खबर कुसुम देत असे. वसंताबद्दल ती बोलत नसे. साहेबही विचारत नसे. त्या मुलाचे नावदेखील त्याने कधी घेतले नव्हते.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी देवीदास ओसरीवर आला आणि त्याने मूठ उघडली. मुठीत कडी होती.

"इजेच्या तारेखाली मरून पडला होता," तो म्हणाला. "बाईले सांगू काय?"

साहेबाने कडी घेतली. सांगायचे कसे, हे त्याला येत होते. लढाई संपल्यावर तो मेलेल्या सोबत्यांच्या काही घरांत जाऊन आला होता. दोन-तीन वाक्ये असत, ती उभ्यानेच सांगायची. ऐकून झाले की आया न चुकता चहा ठेवायला उठत. तो चहा पिऊन निघत असे, आणि रस्त्यावर आल्यावर त्याला काहीसुद्धा वाटत नसे.

आज त्याला भीती वाटली. साधी भीती. इतक्या वर्षांनी आली म्हणून ती ओळखायलाही त्याला वेळ लागला.

"सांगू नको," तो म्हणाला. "जाळे लाव."

देवीदास जागचा हलला नाही. मेलेल्याची कडी जिवंत पाखराला घालायची नाही, एक नंबर एकाचाच, हे साहेबानेच त्याला पहिल्या दिवशी शिकवले होते. ते मोडले म्हणून साहेबाने एका शिकाऊ माणसाला घरी पाठवल्याचेही त्याने ऐकले होते.

"तोच नंबर?" त्याने विचारले.

"तोच."

देवीदासने जाळे खांद्यावर टाकले.

बगळा दुपारी सापडला. दांडगा होता, फडफडून त्याने दोघांनाही बेजार केले. साहेबाची पकड कधी निसटत नसे. त्या दिवशी ती दोनदा निसटली. कशीबशी कडी मिटली आणि पाखरू देवीदासच्या हातातून सुटून गेले. दोघांनी तळ्यावर हात धुतले आणि आपापल्या घरी गेले.

काही दिवस साहेब बगीच्याकडे फिरकला नाही. मग एकदा, सरळ वाटेने निघालेला असताना, वळलाच.

कुसुम बांधावर उभी होती. आळ्यांत पाणी चढत होते आणि झाडांखाली बगळे पाय उचलून उचलून चालत होते. त्यांत एकाच्या पायात कडी होती. साहेब तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. ती त्या बगळ्याकडे खूप वेळ पाहत होती.

"कडी डाव्या पायात हाये," ती म्हणाली.

साहेबाने पाहिले. होती.

ती जुनी दोन-तीन वाक्ये त्याला आठवली आणि त्याने तोंड उघडले. पण कुसुमच आधी बोलली. बोलताना तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

"एका पायाले भार झाला असन," ती म्हणाली. "म्हनून दुसऱ्या पायात घेतली त्यानं."

पाणी पुढच्या आळ्यात शिरले. बगळे एक झाड पुढे सरकले.

"हो," साहेब म्हणाला.

कुसुमने पदर कमरेला खोचला आणि ती झोपडीपुढच्या चुलीकडे वळली.

"बसा," ती म्हणाली. "चहा मांडते."

साहेब बांधावर बसला. तिने भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग काडी पेटल्याचा. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"वसंताची काही खबर?" त्याने विचारले.

"नाई," कुसुम म्हणाली, आणि तिने चुलीत लाकूड पुढे सारले.