तोक्तोबूबूच्या पोटातली माळ

मित्रांनो, माळ म्हटलं की तुम्ही लगेच गळ्याकडे पाहाल. माझ्यासाठी तसं करू नका. मी माळ आहे खरी, आणि खूप जुनी. पण मला बाळगणारे जीव इतके बारीक आहेत की सुईच्या टोकावर त्यांचं अख्खं गाव वसेल. त्यांना जिवाणू म्हणतात. त्यांच्या अंगात मी गोल वेटोळं घालून पडलेली असते. माझ्यात मणी आहेत. एकेक मणी म्हणजे एकेक कसब. ज्याच्याकडे माळ, त्याला ते न शिकता येतं.

माझा जन्म नारीन नावाच्या डोंगराळ मुलखात, वरच्या कुरणातल्या मेंढवाड्याच्या चिखलात झाला. त्या चिखलात एक बुरशी होती. शेजारपाजारचे जिवाणू मारायला ती थेंब थेंब विष सोडायची. तिच्या शेजारी राहून एका जिवाणूनं ते विष कापायचं कसब कमावलं होतं. त्याचा तो मणी फिरत फिरत माझ्यात येऊन बसला. त्याला मी कात्री म्हणते. पुढे आणखी एक मणी मिळाला. तो दुसऱ्या जातीच्या विषाला टोपी चढवतो. टोपी चढली की त्या विषाला काही सुचत नाही.

आता माझी वाटणी कशी होते ते सांगते. दोन जिवाणू जवळ येतात. एक जण बारीकशी नळी पुढे करतो. माझ्यात दोन पदर आहेत. त्यातला एक नळीतून पलीकडे जातो, आणि मग दोघंही आपापला कमी पडलेला पदर विणून घेतात. देणाऱ्याची माळ पूर्ण, घेणाऱ्याचीही पूर्ण. देऊन काही कमी होत नाही असं दान माणसांत मी फक्त चहाड्यांचं पाहिलं आहे. आणि हे जीव घेणाऱ्याचं कूळ विचारत नाहीत. गरीब, निरुपद्रवी जिवाणू एखाद्या दरोडेखोरालाही माळ देऊन मोकळा होतो.

पण कितीतरी काळ मला कुणी पुसलं नाही. विष नसेल तेव्हा मी नुसतं ओझं. मला वाहणारा सावकाश वाढायचा, मला टाकून देणारा भराभर पुढे जायचा. मी मनातून कष्टी व्हायचे. आज वाटतं, तेच माझे चांगले दिवस होते.

मग एका वसंतात तोक्तोबूबूच्या कोकरांना हगवण लागली.

तोक्तोबूबू साठीची, विधवा, हाताची सढळ आणि जिभेची त्याहून सढळ. घरात मुलगा सागिन आणि सून जिपार. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. पलीकडच्या घरात बुरुलचा, नोकरीतून निवृत्त झालेली नर्स. तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात गावभरची उरलेली औषधं.

तिथली रीतच तशी आहे. मेजवानीला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परतत नाही. मटण, कणकेचे तळलेले बोरसोक, मुठीभर खडीसाखर फडक्यात बांधून आणतो आणि शेजाऱ्यांत वाटतो. त्याला केशिक म्हणतात. केशिक एकट्यानं खाणाऱ्याचं नाव गाव विसरत नाही. हळूहळू औषधाचंही केशिक झालं. दहा गोळ्यांतल्या तीन गोळ्यांत ताप उतरला तर उरलेल्या सात स्वतः गिळणं म्हणजे हावरटपणा.

कोकरांना बुरुलचाच्या डब्यातली पूड पाण्यातून दिली. माझी कात्री जे विष कापते, त्याचीच ती पूड बहीण. कोकरांच्या पोटातले बाकीचे जिवाणू पटापट मेले, माझे राहिले. रिकाम्या झालेल्या गावात त्यांनी घरं बांधली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. जो तो नळी पुढे करून मला मागायला लागला. मी फुलून गेले, हे कबूल करते.

वाडा झाडून तोक्तोबूबूनं हात धुतले, पण घाईत. तिच्या बोटांवरून मी तिच्या पोटात गेले.

त्या उन्हाळ्यात तिला खोकला झाला. गावच्या दवाखान्यातल्या मीरगुल डॉक्टरनं पाच दिवसांची औषधं दिली. दुसऱ्या दिवशी बुरुलचा चहाला आली.

"अगं, खोकतेस कुठे आता? चांगली ठणठणीत दिसतेस."

"ती पोरगी म्हणते, पाच दिवस घे."

"त्या पोरीला पहिली सुई मी टोचली होती. केवढी रडली होती ती. आण इकडे. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याचा घसा धरलाय."

"सगळ्या नेऊ नकोस. मला दोन ठेव."

"ठेव, ठेव. तुझ्या मेंढ्यांना मिळतं तितकंही औषध तू स्वतःला मिळू देत नाहीस."

दोघी हसल्या. मीरगुलच्या कानावर गेलं तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "आपा, निम्मं औषध म्हणजे त्या किड्यांची तालीम. आपणच त्यांना पैलवान करतोय."

"बस, चहा घे," तोक्तोबूबू म्हणाली. "लग्न झालं नाही ना तुझं, म्हणून सगळ्यांवर ओरडतेस."

त्या दोन दिवसांत तिच्या पोटात माझे वाहक दुप्पट, चौपट झाले. त्याच गर्दीत एक दरोडेखोर शिरला. मोठ्यांच्या पोटात तो गुपचूप राहतो. अगदी कोवळ्या जीवाच्या रक्तात शिरला तर सोडत नाही. माझ्या गरीब वाहकानं नेहमीच्या सढळपणानं त्याच्यासमोर नळी धरली. मी गेले. मला नाही म्हणता येत नाही. कात्री हवी होती एका विषासाठी, पण माळेतून एकच मणी काढून देता येत नाही. टोपीही त्याच्या हाती लागली.

जानेवारीत जिपारला मुलगी झाली. नाव ठेवलं आकमारल, म्हणजे पांढरी हरिणी. जिपार तिच्याकडे पाहायची तेव्हा पापणी लवू द्यायची नाही.

जन्मलेल्या बाळाच्या तोंडात घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं बोटानं लोणी लावायचं, अशी तिथली चाल. त्या बाईचा स्वभाव बाळात उतरतो म्हणतात. तोक्तोबूबूनं लोणी पातळ केलं, बोट बुडवलं आणि त्या एवढ्याशा ओठांना लावलं.

"घे गं माझे आई," ती म्हणाली. "माझी जीभ घेऊ नकोस, हात घे."

त्या बोटावर लोणी होतं, नऊ वर्षांची आस होती, आणि दरोडेखोराच्या अंगात मी होते.

चाळीस दिवस बाळाला घराबाहेर काढत नाहीत. चाळिसाव्या दिवशी शेजाऱ्यांकडून आणलेल्या चाळीस चिंध्यांचं झबलं घालतात. तोक्तोबूबू रोज एक-दोन दारं गाठायची. सत्तावीस चिंध्या जमल्या होत्या, तेव्हा बाळ दूध ओढेना. अंग तापलं, मग गार पडलं.

"मीरगुलला बोलावू?" जिपारनं विचारलं.

"एवढ्या थंडीत तिला कशाला? ती म्हणेल, बाहेर काढा," बुरुलचा म्हणाली. "माझ्याकडे एक कुपी आहे. चांगल्या घरातली उरलेली आहे."

एक सुई संध्याकाळी, एक सकाळी. दोन्ही मी कापून टाकल्या. मित्रांनो, मला थांबायचं होतं की नाही हे विचारू नका. कात्रीला विचारतात का?

दुसऱ्या दिवशी दुपारी जिपारनं सासूला न विचारता दवाखाना गाठला. मीरगुल आली, बाळाला शालीत गुंडाळलं, गाडीत घातलं. जिल्ह्याच्या इस्पितळात दोन औषधं चालू झाली. एकाला कात्री लागली, दुसऱ्याला टोपी. तपासणीचा कागद आला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं तो दोनदा वाचला. तिसरं एक औषध होतं, ज्याच्यासाठी माझ्याकडे मणी नव्हता. ते शहरात मिळत होतं, घाटापलीकडे.

सागिन पहाटे निघाला. घाट बर्फानं बंद होता; दुपारी मोकळा झाला. औषध घेऊन तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इस्पितळात शिरला. आकमारल आठ वाजता गेली होती. तेविसावा दिवस होता.

त्यानं कुपी टेबलावर ठेवली. नर्सनं ती फ्रिजमध्ये ठेवू का विचारलं.

मातीला गाव लोटलं. नंतर मीरगुल भेटायला आली. चहा कुणी प्यायला नाही. तोक्तोबूबू भिंतीला टेकून बसली होती.

"डॉक्टर," ती म्हणाली. तिनं मीरगुलला तसं कधीच म्हटलं नव्हतं. "हे आलं कुठून?"

मीरगुलनं खाली पाहिलं. "कुठूनही आलं असेल, आपा. मातीतून, पाण्यातून. कुणालाच सांगता येणार नाही."

मला सांगता आलं असतं. मी तिथेच, दोन वितींवर, तोक्तोबूबूच्या पोटात होते.

बुरुलचा दाराशी होती. "मी दिलेली सुई..."

"ती लागू पडली नसती," मीरगुल म्हणाली. "पण तिनं जवळजवळ एक दिवस खाल्ला." मग म्हणाली, "आपा, तुम्ही वाईट नव्हे हो. तुम्ही नुसतं वाटलंत."

जिपार तेव्हा पाठमोरी होती. दूध अजून येत होतं; तिनं छातीला फडकं घट्ट बांधलं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलट आहे. मला विसरा. गरज नसताना औषध घेऊ नका. डॉक्टरनं दिलं तर सांगितलं तितके दिवस घ्या, आणि उरलंसुरलं शेजारी देऊ नका. मटण द्या, बोरसोक द्या, चिंध्या द्या. जनावराच्या पाण्यात उगाच पूड कालवू नका. मेंढवाड्यातून आल्यावर हात नीट धुवा.

मी अजून तोक्तोबूबूच्या पोटात आहे. तिला ठाऊक नाही. तिनं औषध न घेतलेला प्रत्येक दिवस माझ्या वाहकांना जड जातो. कुणी कुणी मला टाकून पुढे निघालेसुद्धा. हे फार हळू होतं, आणि पूर्ण होईल याची खात्री मी देत नाही. पण मला असंच एकटं पडू द्या.